आयकलं का जी

बॉनेट बंद करा आधी. हात भाजून घ्याल. पाणी उकळतंय, ते निवायला अर्धा तास तरी जाईल, आणि तोवर इथून कोणी हलायचं नाही. सव्वाअकरा वाजलेत. लग्नाचं जेवण पोटात आहे, घाई कसली आहे तुम्हाला?

मघाशी तुमच्यापैकी कोणीतरी विचारलं ना, "केशवकाका, या उमरेडच्या रस्त्यावर भूतबित आहे का?" भूत मला माहीत नाही. माझं सगळं आयुष्य बॅटऱ्या चार्ज करण्यात गेलं. प्लसला प्लस, मायनसला मायनस, तेवढंच मी मानतो. पण शालिकरामच्या बाबतीत एक गोष्ट घडली होती. अर्धी माझ्या डोळ्यांदेखत. ती सांगतो. मध्ये हसायचं नाही. आणि ते मोबाइल खिशात घाला, डोळ्यांवर येतात.

सोमवार होता. पाच डिसेंबर, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. सकाळी मी सायकल काढली आणि सदरला निघालो. काम अगदी साधं होतं. शालिकरामला मारुतीचा टायमिंग बेल्ट हवा होता, तो आणून द्यायचा.

शालिकराम पराते. नागपूरच्या महाल भागात त्याचं गॅरेज, त्याला लागून माझं बॅटरीचं दुकान, मध्ये फक्त पत्र्याची भिंत. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत तो राहायचा. अँबॅसेडर आणि फियाटचा मिस्त्री. पण नुसता मिस्त्री म्हणून भागायचं नाही, त्याचा कान म्हणजे कान होता. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. "दुसऱ्या सिलिंडरचा टॅपेट," म्हणायचा, आणि उघडून पाहिलं की दुसऱ्याचाच निघायचा. भंडाऱ्याहून लोक गाडी घेऊन यायचे, नुसतं त्याला ऐकवायला. मी त्याला चिडवायचो, "शालिक, डॉक्टर होऊन गेला असता तर बंगला असता तुझा." तो म्हणायचा, "माणसं खोटं बोलतात गा. इंजिन नाही बोलत."

मारुती तेव्हा आम्हा लोकांना नवीनच. अँबॅसेडरला चार सिलिंडर, हिला तीन. जुन्या मिस्त्र्यांना तिचा आवाजच पटायचा नाही, खाटेचा एक पाय काढून घेतल्यासारखा वाटायचा. आणि अँबॅसेडरमध्ये जिथे लोखंडी चेन असते, तिथे हिला रबरी दातेरी पट्टा. इंजिनचं खालचं चाक आणि वरचं चाक त्या पट्ट्यानं बांधलेलं. दोघांची वेळ जुळली तर गाडी पळते, नाही जुळली तर खोकते. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

गाडी होती आनंदराव हेडाऊंची. गांधीबागेत त्यांचं साड्यांचं दुकान. चार वर्षांत बेल्टला चिरा पडल्या होत्या. तो बदलायचा म्हणून त्यांनी गाडी शालिकरामकडे आणून सोडली. मारुतीचा बेल्ट त्यानं तोवर कधी बदलला नव्हता, पण आनंदरावांचा त्याच्यावर भरवसा होता.

सदरच्या दुकानात काउंटरवरचा माणूस मला बेल्ट देताना म्हणाला, "मिस्त्री को बोलना, चढ़ाने के बाद इंजन हाथ से दो चक्कर घुमाना, फिर टेंशनर कसना. बिना घुमाए कसा तो एक दांत खा जाएगा." मी येऊन शब्दन् शब्द सांगितलं. एरवी शालिकरामनं मला दोन शिव्या हासडल्या असत्या, की बॅटरीवाला आता मला टायमिंग शिकवतो. त्या दिवशी त्यानं नुसती मान हलवली. तो ऐकतच नव्हता.

त्याचं कारण सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही.

त्याची बायको अनुसया. उमरेडच्या कोष्ट्याची लेक, माहेरी हातमाग. लेकरू नव्हतं त्यांना. बावीस वर्षांचा संसार, आणि त्या दोन खोल्या आणि ते गॅरेज एवढंच जग. दिवसातून वीसदा ती मागच्या दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आयकलं का जी..." आपल्याकडच्या बायका नवऱ्याला हाक मारतात ना, तशी. नाव नाही घ्यायचं. "आयकलं का जी, चहा झाला." "आयकलं का जी, गॅस सरला." पत्र्यातून मलाही ऐकू यायचं. 'आय-कलं-का' एका ठेक्यात, आणि 'जी' जरा लांबवलेला.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दुपारी चारची वेळ. शालिकराम एका अँबॅसेडरच्या इंजिनात डोकं घालून बसला होता, पेचकस कानाला. ती दारात आली. "आयकलं का जी..."

यानं मान वर केली नाही. हात वर केला. म्हणाला, "थांब. नंतर."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग आत गेली. मी गॅरेजातच समोरच्या गाडीच्या बॅटरीत पाणी घालत होतो, म्हणून सांगतो. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं. तासाभरानं हा चहाला आत गेला, तेव्हा ती शेगडीजवळ कुशीवर पडली होती. डॉक्टर आला आणि मान हलवून गेला. सगळं संपलं होतं.

तेरवी झाली आणि शालिकरामनं गॅरेज उघडलं. रडला नाही तो. एक थेंब नाही. फक्त येईल त्याला विचारायचा, "काय सांगून राहिली असन गा ती?" शेजारी म्हणायचे, छातीत दुखत असेल. कोणी म्हणायचं, काहीतरी घरातलंच असेल, तेलमीठ. तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्याला विचारायचा. मला म्हणाला, "केशव, तीस वर्षं मी लोखंडाचं आयकलं. तिचं एक वाक्य आयकायले मले टाइम नव्हता."

तर अशा माणसाच्या हातात मी तो बेल्ट दिला. त्याचे हात चेनचे. चेन एकदा चढली की चढली, तिला फिरवून बघायचं काम नाही. हातांनी तीस वर्षांच्या सवयीनं केलं. बेल्ट चढवला आणि त्याला ताण देणारा टेन्शनर आवळून टाकला.

संध्याकाळी गाडी सुरू केली तर धडधडायला लागली. मिसिंग मारायची, म्हणजे मध्येच एक ठोका गाळायची. पिकअप नाही. रेस दिली की कार्बोरेटरमधून फटकन खोकायची. आनंदराव आले, बघून गेले. "दोन दिवसांनी येतो," म्हणाले. मंगळवारी यानं प्लग बदलले, पॉइंट साफ केले. बुधवारी कार्बोरेटर उघडला. मला वाटलं, शोधतोय बिचारा. रात्री दुकान बंद करून मी घरी जायचो, तेव्हा इंजिन चालूच असायचं. सकाळी शेजारचा भैय्याजी पानवाला तक्रार करायचा, की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गाडी चालू असते, कोणाला झोप नाही.

आता गुरुवार. आठ डिसेंबरची रात्र. अमावस्या होती, पण ती पंचांगात होती म्हणून सांगतो, तिचा यात काही हात नाही. ट्रकच्या सहा बॅटऱ्या सकाळी द्यायच्या होत्या, त्या चार्जिंगला लावून मी दुकानातच आडवा झालो होतो. थंडी अशी की पत्र्याला हात लागला तर चटका बसावा. बारा वाजून गेले. पलीकडे इंजिन धडधडतच होतं. शेवटी मी वैतागून उठलो, चादर गुंडाळली आणि गॅरेजमध्ये गेलो.

एक पिवळा बल्ब. बॉनेट उघडं. शालिकराम स्टुलावर बसला होता, पेचकस कानाला, डोळे मिटलेले. आणि तो हसत होता. तोंडभर नाही. आपलं माणूस बोलत असलं की आपण हसतो ना, तसं.

"शालिक, काय करून राहिला गा? बारा वाजले."

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. पेचकस माझ्या हातात दिला. "आयक."

मी कानाला लावला. "मिसिंग मारून राहिली."

"मिसिंग नको आयकू. मिसिंगच्या पहिले काय येते, ते आयक."

मी पुन्हा लावला. डोळे मिटले. आधी नुसती धडधड. मग त्या धडधडीत एक ठेका... तीन ठोके... मग जरा लांबलेला चौथा... आणि खोक.

पुन्हा. तीन ठोके... एक लांबलेला... खोक.

आय... कलं... का... जी...

मी पेचकस खाली टाकला. आवाज बाईचा होता असं मी म्हणणार नाही. इंजिनचाच होता. पण बोलण्याची लकब तिची होती. बावीस वर्षं मी ती पत्र्यातून ऐकली होती. त्यात चूक होणार नाही माझी.

"रोज जरासं पुढे जाते," शालिकराम म्हणाला. हळू बोलत होता, झोपलेलं कोणी उठेल म्हणून आपण बोलतो तसं. "सोमवारी नुसतं 'आय' होतं. पॉइंट हलवला, तर 'कलं' आलं. काल कार्बोरेटर सेट केला, तर 'जी' पुरा आला. आज त्याच्याही पुढचं येऊन राहिलं. मले वाटते 'आज' म्हणते. आयकलं का जी, आज... आणि तिथंच खोकते साली गाडी."

मी त्या बेल्टकडे पाहिलं. चार दिवस त्यानं कव्हर बसवलंच नव्हतं. बेल्ट उघडा फिरत होता.

"शालिक, तुले खराबी सापडली नाही का अजून?"

"सोमवारीच सापडली. एक दात चुकला आहे. न फिरवता आवळला ना मी."

"मंग सरळ काहून नाही करत?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच वेडा आहे. "सरळ केली, तर ती बोलन कुठून?"

इंजिन धडधडत होतं.

मग मी म्हणालो, "शालिक... अनुसया गेली गा."

"मले मालूम नाही का? खांदा देला ना मी." त्यानं पेचकस उचलून पुसला. "मले काही तिले वापस नाही आणायचं, केशव. ती काय सांगून राहिली होती, तेवढं आयकतो. एक वाक्य. मंग देऊन टाकतो गाडी."

मला भीती वाटत होती. रागही आला होता. पण सगळ्यात जास्त काय वाटलं सांगू? वाटलं, ऐकू दे याला. लोकांच्या झोपेचं काय व्हायचं ते होवो, आनंदराव थांबतील. ऐकू दे.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली.

आनंदराव होते. अंगात बंडी, त्यावर कोट, पायात दोन वेगळ्या चपला. पावणेएक वाजला होता. "शालिकभाऊ, गाडी द्या. जशी असन तशी द्या." त्यांना धाप लागली होती. कांताबाई, म्हणजे त्यांची बायको, उमरेडला भावाकडे गेली होती. संध्याकाळपासून पोटात कळा. तिथल्या डॉक्टरनं बघितलं आणि सांगितलं, अपेंडिक्स आहे, रात्रीच नागपूरला नेऊन ऑपरेशन करा, सकाळ पाहू नका. भावानं कोणाच्या तरी घरून फोन केला होता. उमरेडला त्या वेळी गाडी मिळत नव्हती. आनंदराव स्टेशनवर जाऊन आले, एवढ्या रात्री उमरेडला यायला एकही टॅक्सीवाला तयार नव्हता.

शालिकराम उभा राहिला. "अशी नाही जायची ती. दिघोरीच्या पुढे नाही जायची."

"मंग काही करा ना भाऊ! तुमच्या पाया पडतो मी." वयानं मोठा माणूस, खरंच वाकायला लागला. मी धरला त्यांना. ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून बोलायला लागले, आमच्याशी नाही, स्वतःशीच. "संध्याकाळीच फोन आला होता तिचा. म्हणे, आयका ना, पोट दुखून राहिलं. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी म्हणलो... मी म्हणलो, थांब, नंतर बोलू..."

शालिकरामचा चेहरा मी पाहिला. देवा, तो चेहरा पुन्हा कधी बघायला नको.

तो इंजिनकडे वळला. पेचकस टेकवला. कानाला लावला. डोळे मिटले. आनंदरावांना वाटलं, खराबी शोधतोय. मला माहीत होतं काय ऐकतोय ते.

तीन ठोके. एक लांबलेला. आणि मग...

त्याचे ओठ हलले. 'आज'... आणि त्याच्या पुढे अजून काहीतरी. अर्धं अक्षर. मी त्याच्या कपाळावरच्या आठ्यांवरून सांगतो. आलं होतं काहीतरी.

आनंदराव हुंदका देत होते.

शालिकराम इंजिनवर वाकला. अगदी जवळ. आणि हळूच म्हणाला, "थांब. नंतर."

किल्ली फिरवली.

शांत.

एवढी शांतता मी त्या गॅरेजात कधी ऐकली नव्हती. बल्बची बारीक घरघर ऐकू येत होती.

त्यानं पुली काढली. मी टॉर्च धरला. टेन्शनर सैल केला. बेल्ट उचलला, एक दात सरकवला, पुन्हा बसवला. खालच्या चाकाची खूण खुणेसमोर, वरच्या चाकाची खूण खुणेसमोर. मग पाना लावून हातानं इंजिन फिरवायला घेतलं.

एक चक्कर... झाली.

दुसरी... अर्ध्यावर थांबली.

तो जोर लावत होता. हलेना. तेच इंजिन, आत्ता एक चक्कर लोण्यासारखं फिरलेलं. अडकायला काही नव्हतं. मी टॉर्च जवळ नेऊन बघितलं. काही नव्हतं. तरी कोणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं...

त्यानं पान्यावरचा जोर काढला. नुसता हात ठेवला. थांबला. आम्ही तिघंही थांबलो.

"सोड वं," तो म्हणाला. "सोड, अनू. त्या बाईले दवाखान्यात न्यायचं आहे."

...

पाना फिरला. आपसूक. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. त्यानं टेन्शनर आवळला, पुली चढवली, किल्ली दिली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. धडधड नाही, खोक नाही. तिन्ही ठोके सारखे. कंपनीतून आल्यासारखी.

सवयीनं त्यानं पेचकस कानाला लावला. दोन क्षण. मग खाली ठेवला.

"न्या, आनंदराव. पळवा."

एक वाजून दहा मिनिटांनी गाडी गेली. तिचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत आला आणि मग तोही गेला. शालिकराम स्टुलावर बसला. "काही नाही आलं गा, केशव," म्हणाला. "नुसतं इंजिन." आणि मग तो रडला. तीन आठवड्यांचं एकदम. गुडघ्यात डोकं घालून, लेकरासारखा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडलो. वाक्य कानाशी येऊन गेलं होतं त्याच्या. आणि त्यानंच ते बंद केलं होतं. दुसऱ्यांदा.

कांताबाई वाचल्या. पहाटे साडेतीनला टेबलावर घेतलं त्यांना. आणखी तासभर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारी आनंदराव स्वतः गॅरेजवर आले. शालिकरामला म्हणाले, "तुम्हाले बोलावून राहिली ती. चला जरा." बोलताना ते खाली बघत होते. मला म्हणाले, "तुम्ही पण चला."

दवाखान्यात कांताबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण बोलत होत्या. त्यांनी शालिकरामला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, अनुसयेलाही नाही. बसा म्हणाल्या आणि लगेच विचारलं, "भाऊ, तुमच्या गॅरेजातून गाडीत बसून आली होती, ती बाई कोण?"

शालिकराम माझ्याकडे पाहायला लागला.

"हे म्हणतात, कोणी नव्हतं. पुढे हे आणि माहा भाऊ कृष्णकांत, मागे मी एकटी लेटली होती. असन. पण माहं डोकं तिच्या मांडीवर होतं. सगळा रस्ता. मी घरून निघाली तं केस मोकळे होते, तोंडावर येऊन राहिले होते. तिनं हातानं मागे घेतले आणि वेणी घातली." त्यांनी आनंदरावांकडे पाहिलं. "विचारा यायले. उतरवताना वेणी होती का नाही?"

आनंदराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "होती."

"आणि बोलून राहिली होती. थांबतच नव्हती."

शालिकराम खाटेवर वाकला. "काय... काय बोलून राहिली होती?"

कांताबाईंनी डोळे मिटले. कपाळावर आठ्या आल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "नाही आठवत हो भाऊ... मले कळा होत्या. एक शब्द नाही आठवत. किती बार याद करून पाह्यलं मी." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "एवढंच ध्यानात आहे, की तिले काही घाई नव्हती. सगळं बोलली. मधात कोणी तिले थांब नाही म्हणलं."

शालिकरामनं मान हलवली. तीनचार वेळा, नुसतीच. समजलं, समजलं, अशी.

मग त्यांनी उशीखाली हात घातला. "हे वेणीले बांधलं होतं. नर्स फेकून राहिली होती, मीच ठेवून घेतलं. माहं नव्हे हे."

दोन बोटं रुंदीची चिंधी होती. हिरवी, कडेला तांबडा करवती काठ. शालिकरामनं ती हातावर घेतली आणि अंगठ्यानं सरळ केली. मी ओळखली. त्याच्या आधी मी ओळखली असेल. अनुसयेनं माहेरच्या मागावर स्वतःच्या हातानं याच काठाचं एक हिरवं लुगडं विणलं होतं, आणि पेटीत जपून ठेवलं होतं. ती सवाष्ण गेली, म्हणून बायकांनी तिला तेच नेसवलं. गंगाबाई घाटावर अग्नी शालिकरामनं दिला. मी शेजारी उभा होतो. पदर पेटताना मी पाहिला होता.

मी ती चिंधी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली. काठ कुठेही जळलेला नव्हता.